बोलणं झालं का?

दिवा जरा इकडे सरकवा, वहिनी. वीज काही लवकर यायची लक्षणं नाहीत, आणि तुमचा चेहरा दिसला की मला सांगायला बरं पडेल. आणि हळू बोलू या. बाबा आत पडलेत, पण कान अजून तिखट आहेत त्यांचे.

दुपारी तुम्ही सहज म्हणालात, की बाबांना घेऊन संग्रहालयात जाऊन येते, आणि मी तुमच्या अंगावरच आले. चुकलं माझं. तुम्ही दोघं सुट्टीला म्हणून आलात, तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात. तुम्हाला कारण कळायलाच हवं. दादाला मी निम्मंच सांगितलंय. सगळं सांगितलं असतं तर तुमच्या यजमानांनी फोनवरूनच मला डॉक्टर गाठून दिला असता. त्याला काय, लांब राहून सल्ले द्यायचे!

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती हे तुम्हाला माहीत आहे. पण ती काम कशी करायची ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. शाळा सुटली की तिथेच मागच्या बाकावर बसून राहायचे मी. समोर हा एवढा लाकडी बोर्ड, त्यावर भोकंच भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक घर. एखाद्या घरून फोन उचलला की तिथला दिवा लागायचा. मग आई दोरीच्या एका टोकाचा प्लग त्या भोकात घालायची, म्हणायची, ‘नंबर प्लीज’. नंबर मिळाला की दोरीचं दुसरं टोक दुसऱ्या घराच्या भोकात. झालं जोडून. तेव्हा एका आळीत एखादाच फोन असायचा. हवं ते माणूस पाच घरं सोडून राहायचं. कोणीतरी त्याला बोलवायला धावायचं आणि तोवर आई फोन लावणाऱ्याला सांगत राहायची, ‘थांबा, ठेवू नका, माणूस येतंय.’

आणि शेवटी विचारायची, ‘बोलणं झालं का?’ ज्यानं फोन लावला त्यानं ‘झालं’ म्हटलं की मगच प्लग ओढायचा. त्यानं म्हटलं नाही, तर नाही ओढायचा. जग इकडचं तिकडे होवो. एकदा दोन साडू फोनवर भांडले आणि दोघंही फुगून गप्प बसले. कोणी ‘झालं’ म्हणेना. आईनं ती लाईन तशीच ठेवली, आणि ड्यूटी संपल्यावर पुढच्या बाईच्या ताब्यात देऊन घरी आली. आम्ही जेवताना हसून हसून बेजार. बाबा म्हणाले, ‘अगं, ओढायचा होतास प्लग, कोणाला कळणार होतं?’ तर म्हणाली, ‘मला कळलं असतं ना.’ अशी ती. ड्यूटीवर असली की आम्हीसुद्धा तिचे कोणी नसायचो. मी घरून फोन करून ‘आई’ म्हटलं, तरी उत्तर ‘नंबर प्लीज’. मी चिडून रिसीव्हर आपटायचे.

एक्सचेंज बंद पडलं तेव्हा तो बोर्ड गावाच्या संग्रहालयानं घेतला. वर चित्रं, खाली गावाचा इतिहास, असं आहे ते. खाली जुना छापखाना आहे, औषधाच्या दुकानातली कपाटं आहेत, आणि एका खोलीत हा बोर्ड. तिथल्या लोकांनी आईला बोलावून तिचा आवाज भरून घेतला. हेडफोन लावला, प्लग घातला, की आई काम कसं चालायचं ते सांगते, अशी सोय. आईला त्याचं कोण अप्रूप! गेली तेव्हा ते रेकॉर्डिंग ताजंच होतं.

ती गेल्यावर बाबा तिथे जाऊ लागले. आधी मला बरंच वाटलं. पाय मोकळे होतात, चार माणसं दिसतात, आणि मुख्य म्हणजे माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना जुन्या गोष्टी ऐकवत नाहीत. पण मग ते रोज जाऊ लागले. डबा दिला तर तसाच परत यायचा. शिवणकाम करणारी मी, मला माणूस कपड्यावरून कळतं. त्यांच्या पट्ट्याला मी आत एक भोक पाडून दिलं. मग आणखी एक. मग पँटच आत घेतली. रात्री झोप नाही, पलंगाच्या काठावर बसून असायचे, कान दिल्यासारखे. मी विचारलं, ‘बाबा, होतंय काय तुम्हाला?’ तर हसून म्हणाले, ‘काही नाही गं. आज अगदी जवळ आली होती.’

आई गेली, आता हेही चालले, असं सरळ दिसत होतं मला. आणि हातात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाची पँट त्याच रस्त्यावर पोचवायची होती. म्हटलं, पोचवते आणि येताना बाबांना घेऊनच येते. आज उचलून आणायची वेळ आली तरी चालेल. दुपार कलली होती. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही, वारा नाही, नुसती घुसमट. पँट दिली. त्या माणसानं लांबी कमी झाली म्हणून कुरकुर केली, त्याला दोन शब्द ऐकवले आणि निघाले.

दाराशी एक बाई बसलेल्या असतात, चष्मा नाकावर, हातात लोकरीचं विणकाम. मी विचारलं, ‘आमचे बाबा?’

‘काका ना? असतील वर, नाहीतर बोर्डापाशी,’ त्या म्हणाल्या. ‘थोड्या वेळात बंद करणार हं, ताई.’

मी आधी वर गेले. लाकडी जिना, दर पायरी कुरकुरते. वर कोणी नव्हतं. व्हार्निशचा आणि बंद खोल्यांचा वास. आपल्या गावच्या चित्रकारांना एक पूल काय तो सापडलाय. उन्हातला पूल, धुक्यातला पूल, पुराच्या पाण्यातला पूल. मधेच नगराध्यक्ष, एकापेक्षा एक जाड. आणि टोकाच्या भिंतीवर ते एक्सचेंजचं चित्र. ओळीनं बसलेल्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या, समोर बोर्ड. त्यातली एक आई. पण कुठली, यावर बाबांचं आणि माझं कधी जमलं नाही. बाबा म्हणायचे खिडकीजवळची, मी म्हणायचे तिच्या शेजारची. त्या दिवशी मी चित्रासमोर उभी राहिले आणि मला कुठलीच आई वाटेना. उगाच वाटलं, आता यातली एखादी मान वळवेल. मी लगेच जिन्याकडे वळले.

खाली आले, छापखान्याच्या खोलीतून पुढे गेले. बाबा बोर्डासमोरच्या उंच स्टुलावर बसले होते. तुम्ही तो जुना हेडफोन पाहिलाय का? त्यात एकाच कानाला लावायचं असतं. आणि बोलायचं भोंग्यासारखं यंत्र छातीवर, गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेलं. बाबांनी दोन्ही लावलं होतं. हात मांडीवर. शाळेतलं पोर शिक्षकांची वाट बघत बसतं तसे बसले होते.

‘बाबा, उठा. डबा पुन्हा तसाच आहे ना?’

त्यांनी बोट वर केलं. ‘शू. ठेवू नका म्हणालीये.’

माझा पाराच चढला. मी तरातरा बाहेर गेले आणि त्या विणणाऱ्या बाईंना म्हटलं, ‘तुम्ही ते रेकॉर्डिंग बंद करा बघू. माणूस खंगत चाललाय त्यापायी.’

त्यांनी सुया खाली ठेवल्या. ‘ताई, ते मशीन केव्हाचं बिघडलंय. काढून दुरुस्तीला दिलंय. काकांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, असू दे, मी तसाच बसतो.’ मग म्हणाल्या, ‘मला वाटलं, बसतात बिचारे. म्हणून उठवलं नाही.’

मी परत आत आले. आता रागबिग काही उरला नव्हता. मी बोर्डाच्या मागे डोकावले. मागचं दार उघडंच होतं. सगळ्या तारा कापून जुडगे बांधून ठेवले होते, त्यांवर धूळ. एकही तार कुठे जात नव्हती. पुढे आले तर बाबांच्या प्लगपाशी एक बारीक दिवा जळत होता.

‘बाबा, मला ऐकू द्या.’

‘एक मिनिट हं. लगेच परत दे,’ ते म्हणाले आणि कानाचं काढून माझ्या हातात दिलं. छातीवरचं त्यांनी काढलं नाही. मी वाकून त्यांच्या डोक्याला डोकं लावलं आणि ते कानाला धरलं. त्याला जुन्या रबराचा वास येत होता.

आधी नुसती गाज. रिकाम्या डब्याला कान लावला की येते तशी. मग एकदम जवळून, ‘थांबा. ठेवू नका. माणूस येतंय.’

आई. ड्यूटीवरची आई. तोच सपाट, नीट, कोणाचा नसलेला आवाज. मी बाबांचा खांदा धरला आणि त्या छातीवरच्या यंत्रात बोलले, ‘आई...?’

‘ऑपरेटर बोलतेय.’

रेकॉर्डिंग उत्तर देत नाही. तेवढं मलाही कळतं.

‘बाबा... तुम्ही कोणाला फोन लावलाय?’

‘तिलाच,’ बाबा म्हणाले. चेहरा कसा उजळला होता, खरंच सांगते, लग्नाच्या फोटोत आहे तसा. ‘मशीन बिघडलं त्या दिवशी मी सहज प्लग घातला. ती म्हणाली, नंबर प्लीज. मी तिचंच नाव सांगितलं. म्हणाली, थांबा, बोलावते. तेव्हापासून थांबलोय. तिकडे रिसीव्हर टेबलावर काढून ठेवलाय ना, सगळं ऐकू येतं. आधी पावलं फार लांब होती. मग जिना चढली. आता खोलीतच आलीये बहुतेक.’

मी पुन्हा कान दिला. खरंच, गाजेच्या मागे पावलं होती. अनवाणी, सावकाश. चार पावलं टाकायची, थांबायचं. घरात नवा माणूस चाचपडत चालतो तशी. आणि पावलं वाजत असतानाच आईचा आवाज आला, ‘बोलणं झालं का?’

‘विचारतेय का?’ माझा चेहरा बघून बाबा म्हणाले, आणि छातीवरच्या यंत्रात मोठ्यानं बोलले, ‘नाही, नाही. मी थांबतो.’

‘ती असं नेहमी विचारते?’

‘हल्ली सारखंच विचारते. सवय आहे ना तिची.’

बाबांनी आईबरोबर संसार केला, पण तिच्या मागच्या बाकावर ते कधी बसले नव्हते. मी बसले होते. बोलणं सुरू व्हायच्या आधी आई ‘झालं का’ असं कधीच विचारायची नाही. माणूस यायचं असेल तर ‘थांबा’ म्हणायची. आणि इथे तर अजून कोणी फोनवर आलंच नव्हतं. मग ती काय विचारत होती? प्लग तिला ओढता येत नव्हता. फोन बाबांनी लावला होता, त्यांनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय ती तो ओढणार नव्हती, मेल्यावरसुद्धा. म्हणून ती विचारत होती. विनवत होती.

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘आई फोन जोडतेय. ती ऑपरेटर आहे. बरोबर?’

‘हो.’

‘मग तिकडून चालत येतंय ते कोण?’

बाबांनी प्लगवर हात ठेवला, मी ओढेन म्हणून.

बाहेर त्या बाईंनी बंद करायची घंटा वाजवली. वरचे दिवे एकेक करून मालवल्याचे खटके ऐकू आले. कानात पावलं थांबली होती. अगदी टेबलापाशी थांबल्यासारखी. आणि श्वास यायला लागला.

‘बाबा, झालं म्हणा. आत्ताच्या आत्ता म्हणा.’

‘तुला काय जातंय सांगायला?’ बाबा म्हणाले. ‘ती गेली तेव्हा मी औषध आणायला खाली गेलो होतो. पायऱ्या चढून वर आलो तर चादर ओढलेली. एक शब्द बोललो नाही मी तिच्याशी. माझं राहिलंय गं बोलायचं. एवढं एकदा होऊ दे, मग जे व्हायचं ते होवो.’

आईशी मलाही बोलायचंच होतं. पण त्यांच्या दंडाला हात लावला तर हाडच हाताला लागलं, आणि मी मन घट्ट केलं. म्हटलं, मला बाप हवाय. जिवंत, कटकट करणारा, दुकानात बसून माझी गिऱ्हाइकं पळवून लावणारा.

कानात आई आता थांबतच नव्हती. ‘बोलणं झालं का? बोलणं झालं का?’ आयुष्यात कधी घाई न केलेली बाई, शब्दावर शब्द टाकत होती.

‘काय म्हणतेय?’ बाबांनी विचारलं. ‘खरं सांग मला.’

‘म्हणतेय, घरी जा,’ मी म्हटलं. ‘म्हणतेय, झालं म्हणा आणि जेवून घ्या.’

मी खोटं बोलले. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि लहान मुलासारखा विश्वास ठेवला. डोळे मिटले, श्वास घेतला. तेवढ्यात तिकडचा रिसीव्हर उचलल्याचा आवाज झाला. कोणीतरी बोललं. दोनच वाक्यं. ते सांगते, आधी बाबांचं सांगून घेते.

बाबा म्हणाले, ‘झालं.’

गाज बंद पडली. दिवा विझला. माझ्या कानाला एक जुनं थंड रबर तेवढं लागलेलं होतं. बाबांनी स्वतःच्या हातानं छातीवरचं काढून नीट खुंटीला अडकवलं. बाहेर आलो तेव्हा त्या बाई कुलूप घेऊन उभ्या होत्या. ‘काका, उद्या येणार ना?’ त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, ‘नाही. मला घरी जायला सांगितलंय.’

त्या रात्री ते पोटभर जेवले. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडले, आनंदानं म्हणा, सुटकेनं म्हणा. हळूहळू अंगावर मांस आलं, मी शिवण पुन्हा उसवून दिली. आता तुम्ही बघताच आहात, काल दादाशी पत्त्यांत कसे लबाडी करत होते. आईचं नाव निघालं की डोळे पुसत नाहीत, हसतात. म्हणतात, ‘शेवटपर्यंत माझ्या जेवणाची काळजी.’ कधीमधी मला विचारतात, ‘तेवढंच म्हणाली ना गं?’ मी म्हणते, ‘तेवढंच.’

तुम्ही त्यांना तिथे घेऊन गेलात आणि त्यांनी पुन्हा प्लग घातला, तर? म्हणून ओरडले मी दुपारी. त्यांच्यासाठी ओरडले, पण माझ्यासाठीही. कारण मला अजून ठरवता आलेलं नाही, वहिनी. दिवसा कामात असले की वाटतं, बरोबर केलं. रात्री आडवी झाले की वाटतं...

तो रिसीव्हर उचलल्यावर तिकडून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. आई बोलायच्या आधी अगदी बारीक खाकरायची, घरी, आमच्यात असताना. ड्यूटीवर कधीच नाही. तसं खाकरली. मग घरातल्या आवाजात, धापा टाकत, लांबून चालून आलेल्या माणसासारखं ती म्हणाली, ‘अहो... आले मी. पण आपल्या मधे ही माझ्या आवाजात कोण बोलतेय?’

मी बाबांच्या तोंडावर हात ठेवायला गेले. तोवर त्यांनी ‘झालं’ म्हटलं होतं.